पेपर आपणच लावावा

सदर : तंत्र आणि आपण



'तुमच्याकडे पेपर कोणता लावलाय?' हा प्रश्न महाराष्ट्रात कुणाच्याही घरी गेल्यावर सहज विचारला जायचा आणि उत्तरावरून त्या घराची थोडीफार पारखही व्हायची. 'लावणं' हे इथलं क्रियापद फार नेमकं आहे. रोजचा पेपर कोणता, रविवारी पुरवणीसाठी आणखी एखादा हवा का, आजोबांसाठी इंग्रजी घ्यायचा का, हे सगळं घर ठरवायचं. पेपरवाला पहाटे दारात टाकून जायचा. घरात कोण कुठल्या बातमीवर किती वेळ रेंगाळतं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. काल क्रिकेटचं पान जास्त वाचलंत म्हणून आज अग्रलेखाचं पान काढून घेतलं, असंही तो कधी करत नसे.

आज आपल्यापैकी बहुतेकांनी असा कोणताच पेपर लावलेला नाही. तरी बातम्या येतात. फेसबुकवर मित्राने टाकलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर काकांनी पुढे ढकललेली, फोनने आपणहून समोर आणलेली. यांतली कुठली आपल्यापर्यंत पोचायची आणि कुठली नाही, हे मात्र आपण ठरवत नाही. म्हणून यंदाच्या सदरात संगणकावर आणि फोनवर पेपर 'लावण्याच्या' एका जुन्या, फुकट आणि अजून चालू असलेल्या सोयीबद्दल बोलू. तिचं नाव वेब फीड. तिचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे आरएसएस. कॅनडात राहणाऱ्या आपल्याला तिची गरज इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे. ती का, हे आधी पाहू.

पेपर चालू, रस्ता बंद

जून २०२३ मध्ये कॅनडाच्या संसदेने ऑनलाइन न्यूज अ‍ॅक्ट मंजूर केला. विधेयक असताना सी-१८ या क्रमांकाने तो गाजला होता. कायद्याचा आशय असा : बड्या इंटरनेट कंपन्यांच्या पानांवर वृत्तपत्रांच्या बातम्या दिसतात, जाहिरातीचा पैसा कंपन्यांना मिळतो, तर त्यातला काही वाटा बातमी तयार करणाऱ्यांनाही मिळावा. गूगलने सरकारशी बोलणी करून वर्षाला १० कोटी कॅनडियन डॉलर द्यायचं कबूल केलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीचं म्हणणं वेगळं होतं. वृत्तपत्रं स्वतःच्या फायद्यासाठी आपणहून आमच्याकडे दुवे टाकतात, मग आम्ही पैसे कशाचे द्यायचे? १ ऑगस्ट २०२३ पासून मेटाने कॅनडातल्या वाचकांसाठी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या बातम्या बंद करायला सुरुवात केली.

यात फक्त इथलीच वृत्तपत्रं गेली असं नाही. कॅनडाबाहेरच्या वृत्तपत्रांनी टाकलेल्या बातम्याही कॅनडात बसलेल्या माणसाला दिसणार नाहीत, असा नियम झाला. म्हणजे मराठी दैनिकाने आपल्या फेसबुक पानावर टाकलेली बातमी नाशिकच्या बहिणीला दिसते आणि मिसिसागातल्या भावाला त्याच जागी सूचना दिसते की हा मजकूर तुमच्या देशात दाखवता येत नाही.

बंदी येऊन जेमतेम दोन आठवडे झाले आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये जंगलातले वणवे यलोनाइफ शहराच्या जवळ आले. १६ ऑगस्टला शहर रिकामं करायचा आदेश निघाला. सुमारे २०,००० लोकांना घरं सोडावी लागली. अशा वेळी कुठला रस्ता चालू आहे, आग कुठवर आली आहे, हे लोक एकमेकांना फेसबुकवरच कळवत होते, पण बातमीचा दुवा टाकता येत नव्हता. मग बातमीच्या पानाचे फोटो काढून ते टाकायची वेळ आली.

कायदा बरोबर की कंपनी बरोबर, हा वाद आपण राजकारणाच्या गप्पांसाठी ठेवू. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. त्या दिवसांत बातम्या देणं बंद पडलेलं नव्हतं. सीबीसीचं उत्तरेकडचं वार्तांकन चालू होतं, संकेतस्थळ उघडत होतं. बंद झाला होता तो लोकांच्या पायाखालचा रोजचा रस्ता. तो दुसऱ्याच्या मालकीचा होता. ज्यांनी सीबीसीची फीड आपल्या फोनमध्ये लावून ठेवली होती, त्यांच्या वाचनात १ ऑगस्टला काहीच फरक पडला नाही.

फीड म्हणजे काय?

वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर आपल्याला जे पान दिसतं ते माणसांसाठी सजवलेलं असतं. फोटो, रंग, जाहिराती, मध्येच उडी मारून येणाऱ्या चौकटी. त्याच संकेतस्थळावर एक साधी, बिनसजावटीची फाइल यंत्रांसाठी ठेवलेली असते. एक्सएमएल नावाच्या ठरावीक मांडणीत तिच्यात ताज्या बातम्यांची यादी असते. प्रत्येक नोंदीत साधारण पाच गोष्टी : बातमीचं शीर्षक, मूळ बातमीचा दुवा, दोन-चार ओळींचा गोषवारा, प्रसिद्धीची तारीख-वेळ आणि त्या नोंदीची स्वतंत्र ओळखखूण. या फाइलला म्हणायचं फीड.

उपसंपादकाने बातमी प्रसिद्ध करायचं बटण दाबलं की संकेतस्थळाची यंत्रणा बातमीचं पान तयार करते आणि त्याच वेळी या यादीतही नोंद घालते. यादी ठरावीक लांबीची असते, त्यामुळे नवी नोंद वर चढली की तळची सर्वांत जुनी गळून पडते. यासाठी कचेरीत वेगळा माणूस बसवावा लागत नाही. मोठी वृत्तपत्रं विभागवार फीड ठेवतात. राजकारणाची वेगळी, खेळाची वेगळी, शहराची वेगळी. सीबीसीने तर प्रदेशांप्रमाणे वेगळ्या फीड ठेवल्या आहेत.

दुसरं टोक आपल्याकडे असतं. त्याला फीड रीडर म्हणतात. आपण ज्या फीडचे पत्ते दिले असतील त्यांच्याकडे हा रीडर थोड्या थोड्या वेळाने जातो आणि विचारतो, 'काही नवीन?' नवीन नसेल तर वृत्तपत्राच्या सर्व्हरकडून ३०४ एवढा सांकेतिक आकडा येतो. त्याचा अर्थ 'मागच्या वेळेपासून बदल नाही'. नवीन असेल तर यादी येते. ओळखखूण पाहून रीडर आधी दाखवलेल्या नोंदी बाजूला काढतो आणि उरलेल्या आपल्यापुढे मांडतो.

पूर्वी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पीटीआय आणि यूएनआयचे टेलिप्रिंटर खडखडत असत. कागदाची भेंडोळी बाहेर पडायची आणि मराठी पेपरांतले उपसंपादक तो इंग्रजी मजकूर फाडून घेऊन भराभर मराठीत आणायचे. फीड म्हणजे बहुतांशी तसाच टेलिप्रिंटर, पण वाचकाच्या घरात बसवलेला. फरक एवढाच की तो आपणहून खडखडत नाही. आपला रीडर विचारायला जातो तेव्हाच उत्तर मिळतं. म्हणून वृत्तपत्राला आपलं नाव, ईमेल किंवा फोन नंबर द्यावा लागत नाही. एखादा पेपर नकोसा झाला तर यादीतून काढला की झालं. 'तुम्ही खरंच आम्हाला सोडून चाललात का?' असं विचारणारी पत्रं मागे येत नाहीत.

नोंदीतल्या पाच गोष्टींपैकी आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांना सर्वांत मोलाची आहे ती तारीख-वेळ. वेळ ग्रीनिचच्या किती पुढे किंवा मागे आहे, हेही तिथे नोंदलेलं असतं. त्यामुळे पुण्यात सकाळी सहाला आलेली बातमी टोरांटोतला रीडर उन्हाळ्यात आदल्या रात्री साडेआठची म्हणून बरोबर जागी लावतो. आता याच्याशेजारी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली पुराची चित्रफीत ठेवून पाहा. ती २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुराची आहे की काल रात्रीची, हे तिच्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. ज्याची आई सांगलीत एकटी राहते, त्याचा इथे जीव खालीवर होतो. फीडमधली नोंद बातमीच्या खरेपणाची हमी देत नाही. ती कुणाची आहे आणि केव्हाची आहे, एवढं मात्र चोख सांगते. अर्धी काळजी तेवढ्यानेच मिटते.

कुणाच्याच मालकीची नसलेली वस्तू

आरएसएसचा जन्म मार्च १९९९ चा. नेटस्केप कंपनीला 'माय नेटस्केप' नावाच्या पानावर निरनिराळ्या संकेतस्थळांचे मथळे एकत्र दाखवायचे होते. त्यासाठी रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी ही मांडणी तयार केली. गुहा हे मद्रास आयआयटीचे पदवीधर. २००१ मध्ये नेटस्केपने आपल्या पानावरून ही सोय काढून टाकली, पण तोवर मांडणी सगळ्यांना माहीत झाली होती. डेव्ह वाइनर या प्रोग्रामरने ती आपल्या पद्धतीने पुढे नेली. दुसऱ्या एका गटाने डिसेंबर २००० मध्ये स्वतःची वेगळी आवृत्ती काढली. त्या गटात एरन स्वार्ट्झ हा जेमतेम चौदा वर्षांचा मुलगाही होता. भांडणं बरीच झाली. आरएसएस या तीन अक्षरांचा विस्तारसुद्धा तीन वेळा बदलला. शेवटी २००२ मध्ये वाइनर यांची २.० ही आवृत्ती आली. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने आपले मथळे फीडमधून द्यायला सुरुवात केली आणि बाकीची वृत्तपत्रं हळूहळू मागोमाग आली. २००३ मध्ये वाइनर यांनी त्या मसुद्याचे हक्क हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन सेंटरकडे सोपवले. २००५ मध्ये अ‍ॅटम नावाची आणखी एक मांडणी आली. आजचे रीडर या सगळ्या मांडण्या वाचतात, वाचकाला त्यांतला फरक कळतही नाही.

हा इतिहास सांगायचं कारण एकच. ही वस्तू कुणा एका कंपनीची नाही, त्यामुळे एका कंपनीला ती बंद करता येत नाही. याची परीक्षा २०१३ मध्ये झाली. गूगल रीडर हा तेव्हाचा सर्वांत लोकप्रिय फीड रीडर. गूगलने तो २००५ मध्ये काढला आणि वापर कमी झाला म्हणून १ जुलै २०१३ रोजी बंद केला. वाचकांनी आरडाओरडा खूप केला, पण कुणाचाही पेपर बुडाला नाही. फीड वृत्तपत्रांकडे होत्या तशाच राहिल्या. लोकांनी आपल्या पेपरांची यादी एका फाइलमध्ये उतरवून घेतली आणि दुसऱ्या रीडरमध्ये भरली. भाड्याचं घर बदललं तरी पेपर नव्या पत्त्यावर चालू होतो, तसंच हे.

आणि पॉडकास्ट ऐकणाऱ्या तरुण मंडळींनी फीडला म्हाताऱ्यांची सोय म्हणून हसू नये. आरएसएसच्या नोंदीला ध्वनिफीत जोडायची सोय डिसेंबर २००० मध्येच झाली होती. पॉडकास्टचा नवा भाग आपोआप फोनवर येतो तो बहुतेक वेळा याच मार्गाने.

मराठी पेपर आणि फीड

मराठी वृत्तपत्रांच्या बाबतीत मध्ये एक अडचण होती. ती त्या काळात परदेशी आलेल्यांना आठवत असेल. सुरुवातीच्या संकेतस्थळांवर प्रत्येक पेपरचा स्वतःचा फाँट असायचा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. कारण त्या फाँटमध्ये 'क' च्या जागी खरा 'क' नसे. इंग्रजी अक्षराच्या सांकेतिक क्रमांकावर 'क' चं चित्र चिकटवलेलं असे. पानाबरोबर फाँट पाठवता येतो, पण फीडबरोबर जातो तो फक्त मजकूर. म्हणजे त्या मजकुराची फीड कुठल्याही रीडरमध्ये खिचडीच दाखवणार. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. वृत्तपत्रं युनिकोडवर आली तेव्हा कुठे मराठी मथळा लंडनच्या, दुबईच्या, टोरांटोच्या कुठल्याही यंत्रावर मराठी म्हणून उमटू लागला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या बीबीसी मराठीला ही अडचण आलीच नाही. तिची फीड आजही चालू आहे.

आता पैशाचा प्रश्न. फीडमध्ये पानावरच्या जाहिराती जात नाहीत. सगळी बातमी फीडमध्ये दिली तर वाचक संकेतस्थळावर येणार नाही आणि जाहिरातदार पैसे देणार नाही. लंडनच्या गार्डियनने २००८ मध्ये सगळा मजकूर फीडमधून द्यायचा प्रयोग केला आणि फीडमध्येच जाहिराती घातल्या. बहुतेकांनी मात्र मथळा आणि दोन ओळींवर थांबायचं ठरवलं. मराठी दैनिकंही सहसा तेवढंच देतात. त्याचा राग मानू नये. तालुक्याच्या गावी मोटरसायकलवर फिरणाऱ्या बातमीदाराचा पगार जाहिरातींतून आणि वर्गणीतूनच निघतो. दोन ओळी वाचून बातमी हवीशी वाटली तर दुवा दाबून त्यांच्या पानावर जावं. रोज जाणं होत असेल तर वर्गणीही भरावी. फीडमुळे वाचक आणि पेपर यांच्यामध्ये दलाल राहत नाही, तेव्हा हे देणं थेट आपल्यावर येतं.

पैशाच्या याच हिशेबामुळे पुष्कळ वृत्तपत्रांनी फीडचं नारिंगी चिन्ह पानावरून काढून टाकलं आहे. ब्राउझरांनीही हात आखडता घेतला. फायरफॉक्समधली फीड वाचायची सोय डिसेंबर २०१८ मध्ये गेली. पण चिन्ह गेलं तरी अनेक ठिकाणी फीड मागच्या दाराने चालूच आहे, कारण संकेतस्थळाची यंत्रणा ती आपोआप तयार करत राहते.

उणिवा

फीडला संपादकाची नजर नसते. कागदी पेपरात पहिल्या पानावर काय आणि आत चौकटीत काय, हे कुणीतरी विचार करून ठरवतं. फीडमध्ये सगळं वेळेच्या क्रमाने. अर्थसंकल्पाच्या डोक्यावर नटीच्या लग्नाची बातमी बसते. मोठ्या दैनिकाची सगळी फीड लावली तर दिवसाला इतक्या नोंदी येतात की तिसऱ्या दिवशी आपण ते उघडणंच सोडतो. म्हणून विभागाची फीड लावावी. मथळे चढवून लिहिण्याची खोड फीडमध्येही तशीच उतरते. आणि वृत्तपत्राने संकेतस्थळ बदललं की जुनी फीड कधी कधी काही न सांगता मरते. पेपर आला नाही तर पेपरवाल्याला हाक मारता येते, इथे आपल्यालाच लक्षात यावं लागतं. आठ-पंधरा दिवस एखाद्या पेपरचं काहीच आलं नाही, तर त्याच्या संकेतस्थळावर जाऊन नवा पत्ता शोधावा.

करून पाहा

दिवाळीच्या सुटीत अर्धा तास काढा. फोनवर किंवा संगणकावर एक फीड रीडर घ्या. फीडली आणि इनोरीडर दोन्हीकडे चालतात. अ‍ॅपलची उपकरणं असतील तर नेटन्यूजवायर फुकट आहे. ईमेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर रीडर त्यातच आहे. रीडरमध्ये पेपरचं नाव किंवा त्याच्या संकेतस्थळाचा पत्ता टाका. बहुतेक वेळा रीडर स्वतःच फीड हुडकून काढतो. न सापडली तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून पाहा. वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळांची फीड सहसा तिथेच असते.

पहिल्या दिवशी पाचच लावा. एक इथल्या देशाच्या बातम्यांची, एक आपल्या शहराची, एक मराठी दैनिकाची, एक आपल्या छंदाची. पाचवी अशा पेपरची लावा ज्याची मतं आपल्याला पटत नाहीत. पेपर लावणाऱ्या जुन्या घरांत असा एखादा असायचाच. महिनाभराने जी उघडली नाही ती काढा. यादी फाइलमध्ये उतरवून ठेवा. त्या फाइलच्या प्रकाराला ओपीएमएल म्हणतात. तेवढी असली की रीडर बंद पडला तरी चिंता नाही.

इथे राहायला आलेल्या आई-बाबांच्या टॅब्लेटवर हे नक्की करून द्या. त्यांना गावच्या बातम्या हव्या असतात आणि त्या मिळवायला दिवसभर फेसबुक चाळत बसतात. इथे ते आता रिकामं आहे, पण का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मोठ्या अक्षरांत मराठी मथळ्यांची यादी समोर आली की पुढचं त्यांना शिकवावं लागत नाही. आणि भारतातल्या नातेवाइकांनो, हा अंक तुमच्यापर्यंत पोचला असेल तर तुम्हीही करून पाहा. तिकडे आज सगळं दिसतं आहे. १ ऑगस्ट २०२३ च्या आदल्या दिवशी इथेही दिसत होतं.

पुढच्या वर्षी भेटू तेव्हा आपल्याकडे कोणते पाच पेपर लावलेत, ते जरूर सांगा. सर्वांना शुभ दीपावली!